धाकटे मास्टर आणि मखमलीचा कोट

फोन वाजला तेव्हा मास्टरांच्या ओठांत टाचण्यांची रांग होती. सवयीप्रमाणे त्यांनी ती तशीच ठेवून फोन उचलला, "फक्त काजबटण राहिलंय, उद्या या," हे वाक्य टाचण्यांच्या फटींतून बाहेर काढलं आणि ते बाहेर येताना एक टाचणी आत गेली. घशात नाही, गालात. पण त्यांची लेक नेमकी दुकानात आलेली होती. तिने जो आरडाओरडा केला, त्यावरून टाचणी तिलाच लागली की काय असं शेजारच्या दुकानदाराला वाटलं.

"बाबा, आता बास. मी तुमच्या फोनला असिस्टंट लावून देते. तुमच्याच आवाजात बोलेल. तुम्ही फक्त शिवा."

मास्टरांनी गाल चोळत मान हलवली. त्यांना असिस्टंटचं कौतुक नव्हतं, पण गिऱ्हाइकांच्या फोनांनी जीव नकोसा केला होता हे खरं. आता गिऱ्हाईक फोन का करायचं, तर कपडे वेळेवर मिळत नसत म्हणून. आणि कपडे वेळेवर का मिळत नसत, तर मास्टर कुणालाही नाही म्हणत नसत म्हणून. जो येईल त्याचं कापड ठेवून घ्यायचं, मापं घ्यायची आणि वर "परवा देतो" म्हणायचं. मग तो परवा उजाडला की काजबटण राहायचं. काजबटण राहिलंय याचा अर्थ कापडाला अजून कात्री लागलेली नाही, हे जुन्या गिऱ्हाइकांना पाठ झालं होतं. तरी ती येत राहायची, कारण मास्टरांनी शिवलेला कपडा एकदा हातात पडला की दहा वर्षं शिवण उसवायची नाही.

लेकीने त्यांच्याकडून पानभर मजकूर मोठ्याने वाचून घेतला, जुन्या फोनांची रेकॉर्डिंगं यंत्राला ऐकवली आणि फोन शिलाईयंत्राच्या शेजारी उभा करून ठेवला. कुठलं काम कुठवर आलंय हे त्याला कसं कळणार, असं मास्टरांनी विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही काम करताना एकटेच बडबडता ना, तेवढं त्याला पुरे आहे. तो सगळं ऐकत असतो."

ही गोष्ट कुणाही शहाण्या माणसाला खटकली असती. मास्टरांना उलट बरं वाटलं. इतकी वर्षं त्यांची बडबड कुणी ऐकून घेतली नव्हती.

पुढचे काही दिवस फार सुखात गेले. फोन वाजायचा, मास्टरांचा आवाज मास्टरांच्याच लाघवी सुरात "काजबटण राहिलंय" म्हणायचा आणि मास्टर तिकडे न बघता शिवत बसायचे. बायकोला तर पत्ताच नव्हता. तिने एकदा जेवायला कधी येताय म्हणून फोन केला, तर पलीकडून "निघालोच" असं उत्तर आलं. इथवर सगळं नेहमीचं होतं. पण पुढे आवाजाने विचारलं, "सकाळी तुझं डोकं दुखत होतं ना, आता कसं आहे?" तेव्हा तिने ताबडतोब ओळखलं की हा आपला नवरा नव्हे. त्या दिवसापासून ती त्या यंत्राला धाकटे मास्टर म्हणू लागली, आणि अधूनमधून काही काम नसताना दुकानात फोनही करू लागली.

याच काळात लेकीचं लग्न ठरलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, तिचा तिने निवडलेला, आणि मास्टरांनाही पहिल्या भेटीत आवडलेला. धास्ती होती ती मुलाच्या आईची. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. बसल्या की पाठीचा कणा खुर्चीला टेकत नसे. बोलणी करायला आल्या तेव्हा त्यांनी देण्याघेण्याचा विषयसुद्धा काढू दिला नाही. "आमची एकच अट आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही घरांत खोटं चालायचं नाही. जे असेल ते तोंडावर सांगायचं." मास्टरांच्या बायकोने त्या वेळी छताकडे पाहिलं. मास्टरांनी मात्र अगदी मनापासून होकार दिला. ते होकार नेहमीच मनापासून द्यायचे.

मग विहीणबाईंनी पिशवीतून एक कापड काढलं. पिवळट हिरवी मखमल आणि तिच्यावर तळहाताएवढी सोनेरी फुलं. त्यांच्या नणंदेने दूरदेशाहून आणलेली, इथल्या बाजारात शोधून सापडणार नाही अशी. "लग्नात घालायला कोट शिवायचाय. वेळेत होईल ना?" असं त्यांनी मास्टरांच्या डोळ्यांत बघत विचारलं. मास्टर म्हणाले, "परवा देतो."

परवा झाला, त्यानंतरचे कितीतरी परवा झाले. विहीणबाईंचे फोन येत राहिले आणि काजबटण राहत राहिलं. कापड आपलं फळीवर तसंच. लग्न पुढच्या आठवड्यावर आलं तेव्हा कुठे मास्टरांनी कात्री हातात घेतली. पण घेतली ती घेतली. कोट असा बेतला, असा शिवला की खांद्याला एक सुरकुती दिसेना. आता खरोखरच फक्त काजं, बटणं आणि शेवटची इस्त्री राहिली होती. असं मास्टरांच्या कारकिर्दीत क्वचितच घडलं होतं.

त्याच सुमारास जगात कुठेकुठे या असल्या यंत्रांबद्दल ओरड सुरू झाली होती. कुठे यंत्राने दुकानदाराच्या वतीने भलतंच आश्वासन देऊन टाकलं, कुठे नसलेल्या सवलती जाहीर केल्या, माणसं कोर्टात गेली, वर्तमानपत्रांत अग्रलेख आले. तेव्हा मास्टरांच्या असिस्टंटच्या कंपनीने ठरवलं की आपलं यंत्र यापुढे फक्त खरं बोलेल. आपण यंत्र आहोत हे कुणी विचारल्याशिवाय सांगायचं नाही, एवढी सूट तेवढी स्वतःपुरती ठेवली. तसा लांबलचक मजकूर मास्टरांच्या फोनवर आला. मास्टर कापडावर खडूने रेघ मारत होते. खडूच्याच बोटाने त्यांनी 'मान्य आहे' वर दाबलं आणि रेघ पुरी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेतले साहेब दुकानात शिरले. हा शांत माणूस. पँट मिळायला उशीर झाला की हसून निघून जाणारा. आज हसला नाही.

"मास्टर, पँट कापलीसुद्धा नाही म्हणे."

मास्टर कोटावर इस्त्री फिरवत होते, आतल्या बाजूने, हलक्या हाताने. त्यांनी वर न बघता सांगितलं की छे, कोण म्हणतं, काजबटण तेवढं राहिलंय.

"तुम्हीच म्हणालात. काल फोनवर. कापड कपाटामागे पडलंय आणि तुम्ही दुपारपासून झोपलाय असंही म्हणालात."

मास्टर वळले. दुपारी आपण झोपलो होतो हे खरं होतं, पण ते आपण झोपेत उठून साहेबांना सांगितलं असेल असं त्यांना वाटेना. तेवढ्यात गल्लीतल्या शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आल्या. त्यांच्या स्कर्टचं माप हरवलंय आणि मास्टर अंदाजानेच कापणार आहेत, असं त्यांना मास्टरांनी स्वतः कळवलं होतं. वर अंदाज काय आहे तोही सांगितला होता, आणि बाई मुख्यतः त्यावरून भडकल्या होत्या.

तेव्हा मास्टरांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्यांनी फोनकडे बोट दाखवून सांगून टाकलं की तो मी नव्हे, ते यंत्र आहे. साहेबांचा चेहरा बदलला.

"म्हणजे इतके दिवस मी यंत्राशी बोलत होतो? अहो, मी त्याला माझ्या गुडघ्याचं सांगितलं. बायको घरात काय बोलते तेसुद्धा सांगितलं."

आता आली का पंचाईत. यंत्र बोललं म्हणावं तर विश्वासघात, आणि आपण बोललो म्हणावं तर कापड कपाटामागे. मास्टरांनी क्षणभर हिशेब केला आणि हात जोडून कबूल केलं की मीच बोललो, सगळं मीच बोललो, यंत्रबिंत्र काही नाही, गुडघा आता कसा आहे. साहेब जरा निवळले. बाई निवळल्या नाहीत. त्यांनी मास्टरांकडून नव्याने माप घेववलं आणि आकडे तिथल्या तिथे दोनदा मोठ्याने म्हणून घेतले.

या सगळ्या भानगडीत इस्त्री कुठे होती हे कुणाच्याच लक्षात नव्हतं. वास आला तेव्हा मास्टरांनी झडप घातली. इस्त्री कोटाच्या पाठीवर तशीच टेकलेली होती. ती उचलली तेव्हा खाली इस्त्रीच्या आकाराचं खिडकीएवढं भोक होतं आणि त्यातून टेबल दिसत होतं.

गिऱ्हाइकं गेल्यावर मास्टर स्टुलावर बसले. "गेला," ते स्वतःशी म्हणाले. "विहीणबाईंचा कोट गेला." मग त्यांनी बायकोला फोन लावून झाला प्रकार सांगितला, तसंच कापड शोधायला बाजारात जातो म्हणाले आणि कुणाकडे बोलू नकोस असं बजावलं. त्या नादात फोन तिथेच विसरून ते बाजारात पळाले. पिवळट हिरवी मखमल आणि सोनेरी फुलं असं वर्णन केल्यावर पहिला दुकानदार हसला. दुसऱ्याने विचारलं, असलं कापड कुणी मुद्दाम मागतं का? मास्टरांनी अख्खा बाजार पालथा घातला आणि हात हलवत परत आले.

फोनच्या पडद्यावर एक ओळ होती. विहीणबाईंशी बोलणं झालं.

मास्टरांनी ती दोनदा वाचली. "काय बोलणं झालं?" त्यांनी फोनला विचारलं.

"त्यांनी कोटाची चौकशी केली," मास्टरांचाच आवाज म्हणाला, अगदी आदबीने. "मी सांगितलं की कोट पाठीवर जळला आहे. तुम्ही तसंच कापड शोधायला बाजारात गेला आहात, पण मिळेल असं वाटत नाही. याआधी काजबटण राहिलं असं सांगितलं गेलं, तेव्हा कापड कापलेलं नव्हतं, हेही सांगितलं."

"हे तुला कुणी विचारलं होतं?"

"त्यांनी विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"माहितीबद्दल आभार मानले."

मास्टरांनी ते वाक्य बायकोला घरी जाऊन ऐकवलं, तेव्हा तिने डोक्याला हात लावला. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं, ती म्हणाली. शिव्या देणारा माणूस थकून गप्प बसतो. पण ज्या बाईने शाळा चालवली, ती मुलाला नापास करतानाही आवाज चढवत नाही. ही आभाराची भाषा म्हणजे लग्न मोडल्याची भाषा आहे. लेक संध्याकाळी ऑफिसातून हसत येईल आणि तिला काय सांगायचं, या विचाराने तिचे डोळे भरून आले. लेकीने आजवर बापाकडे हट्टाने मागितलं होतं ते हे एकच, हा मुलगा.

"अहो, तुम्ही जा," बायको म्हणाली. "आत्ता जा. पाया पडा, काय वाटेल ते करा. आणि हे बघा, निदान आज तरी खरं बोला."

"ते बोलून झालंय माझ्या वतीने," मास्टर म्हणाले, पण कोट पिशवीत भरून निघाले. जाताना त्यांनी फोन बंद करून बायकोच्या हवाली केला. तिने धाकट्या मास्टरांना तांदळाच्या डब्यात पुरलं. सकाळी डोकं कसं आहे ते आता कोण विचारणार, एवढं एक वाईट तिला वाटून गेलं.

विहीणबाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांचा चेहरा ओढलेला होता. मास्टरांना खात्रीच पटली. बाईंनी बसा म्हणायच्या आत त्यांनी उभ्या उभ्याच सुरुवात केली. कोट जळला हे सांगितलं. काजबटणाचं खोटं होतं हे सांगितलं. कापड कितीतरी दिवस फळीवर पडून होतं हेही सांगितलं. सुरुवात एकदा झाल्यावर त्यांना थांबताच येईना. पहिल्या भेटीत मुलाच्या बुटांचं कौतुक केलं तेही मनापासून नव्हतं, हे त्यांनी सांगून टाकलं. शेवटी म्हणाले, "जे झालं ते माझ्यामुळे. लेकीचा यात काडीचा दोष नाही. ती खोटं बोलत नाही. तिच्या आईवर गेलीय."

विहीणबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "कोट जळला?"

"दुपारी सांगितलं की तुम्हाला. फोनवर."

"मला कुणी सांगितलं नाही. माझ्या वतीने हल्ली फोनच बोलतो, लेकाने बसवून दिलंय. मला नंतर दोन ओळींत सार येतं." त्यांनी चष्मा लावून फोन चाळला आणि वाचून दाखवलं. "हे बघा. मास्टरांच्या दुकानातून माहिती मिळाली. कोटाचं काम शेवटाला आलं आहे. मास्टर जुळतं कापड आणायला स्वतः बाजारात गेले आहेत."

मास्टर मटकन खुर्चीत बसले. म्हणजे खरं बोलणाऱ्या यंत्राने सगळं खरं सांगितलं होतं, पण ते ऐकलं होतं दुसऱ्याच यंत्राने. आणि त्याने त्यातलं नको ते वगळून बाईंना काळजी वाटणार नाही असं गोड करून दिलं होतं. या घरात कुणाला काही माहीत नव्हतं. आपण आपल्या पायांनी चालत येऊन कुऱ्हाड मारून घेतली. आयुष्यात एकदा खरं बोललो आणि त्याची गरज नव्हती, हे लक्षात येऊन मास्टरांना रडावं की हसावं कळेना.

"बघू," विहीणबाई म्हणाल्या.

त्यांनी कोट उलगडला. भोकातून हात घातला, पलीकडून बोटं हलवून पाहिली.

"हे दुरुस्त होईल?"

"नाही हो होणार."

"ठिगळ वगैरे?"

"मखमलीला ठिगळ दिसतं. खोटं कशाला बोलू."

"आणि असं दुसरं कापड?"

"अख्खा बाजार फिरलो. नाही मिळत."

"नक्की?"

"नक्की."

विहीणबाईंनी कोट हळूच टेबलावर ठेवला. मग त्यांनी चक्क खुर्चीला पाठ टेकली आणि लांब श्वास सोडला. मास्टरांनी डोळे मिटून घेतले. मोडतंय आता, त्यांना वाटलं.

"मास्टर, चहा घेणार?" विहीणबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम दहा वर्षांनी तरुण झाला होता.

चहाबरोबर त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मास्टर चहा प्यायचंच विसरले. ही मखमल नणंदेची भेट. नणंद मोठी, मानी, आणि तिची आवड ही अशी. मागे एका समारंभात तिने दिलेला केशरी झगा घालावा लागला होता. त्याचा फोटो अजून नणंदेच्या बैठकीत लावलेला आहे आणि येणारा प्रत्येक माणूस तो बघतो. आता मुलाच्या लग्नात या सोनेरी फुलांत उभं राहायचं म्हणजे शरमेने मरण. नाही म्हणायची सोय नाही. तेव्हा बाईंनी ओळखीपाळखीत विचारलं, कापड द्यायला तर हवं पण कोट लग्नाच्या आत व्हायला नको, असा शिंपी कोण?

"सगळ्यांनी तुमचंच नाव घेतलं," विहीणबाई म्हणाल्या. "एकानेही दुसरं नाव सांगितलं नाही. मला इतका धीर आला होता. आणि आज दुपारी हे सार वाचलं, काम शेवटाला आलं म्हणून. तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरला नाही."

मास्टरांचा जीव भांड्यात पडला, आणि त्याच वेळी कुठेतरी आत दुखलंही. एवढी वर्षं आपण मशीनवर पाठ मोडली आणि गावात कीर्ती ती ही. लग्न वाचलं याचा आनंद मानावा की नाव गेलं याचं दुःख, हे ठरवेपर्यंत चहा गार झाला.

तेवढ्यात विहीणबाईंचा फोन वाजला. नणंद. यंत्राने उचलायच्या आत बाईंनी झेप घेऊन तो स्वतः उचलला.

"वन्सं, मी आत्ता तुम्हालाच फोन करणार होते. काय सांगू, कोट चोरीला गेला. हो ना, मास्टरांच्या दुकानातून. दुकान कपड्यांनी भरलेलं, पण चोराने बाकी कशाला हात लावला नाही. नेमका तोच नेला. चोराला पारख होती म्हणायची." मध्ये त्या थांबल्या, आवाजात बारीकसा कंप आणला. "मी तर दुपारपासून जेवले नाही."

मास्टर थक्क होऊन ऐकत होते. या धंद्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, पण शेवटी खरं वाक्य लावून खोट्याला असं अस्तर घालणं त्यांना कधी जमलं नव्हतं. लेक समजूतदार घरात पडतेय याची त्यांना खात्री पटली.

मग अचानक विहीणबाईंची पाठ ताठ झाली. "अजून आहे?" त्या म्हणाल्या. "तेवढंच? अख्खा कोट होईल एवढं? उद्याच पाठवता? नाही, नाही, आनंदच झाला. आनंदानेच बोलता येत नाहीये मला."

फोन ठेवून त्यांनी मास्टरांकडे पाहिलं. मास्टरांनी कप खाली ठेवला, गळ्यातला टेप सरळ केला आणि उभे राहिले.

"कापड आलं की माझ्याकडेच पाठवा, विहीणबाई. दुसऱ्या कुणाकडे देऊ नका, हल्ली लोक घाई करतात. मी शब्द देतो, लग्नाच्या आत होणार नाही."

इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाला दिलेला हा एक शब्द मास्टरांनी तारखेनिशी पाळला.